चाल दादाची, आवाज माझा, आणि तुमच्याकडे नोंद ‘पारंपरिक’

मराठी गाण्यांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या संगीत कंपन्या आणि ती गाणी आमच्या मोबाइलवर ऐकवणारी ॲप, यांच्या व्यवस्थापनास,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एकांकडून मला दोन ओळींचं उत्तर आलं. उपलब्ध माहितीनुसार बदल करणं शक्य नाही, त्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे, असं त्यात होतं. आठ महिन्यांत पाठवलेल्या माझ्या सहा पत्रांचं हे एकत्रित उत्तर. तुम्ही ती तक्रार बंद केलीत, म्हणून मी ती आता चारचौघांसमोर उघडते आहे.

मी सांगलीची. गेली तीसेक वर्षं दिवाळी पहाट, गणेशोत्सव, कोजागिरी अशा कार्यक्रमांत गाते आणि निवेदन करते. माझा थोरला भाऊ एका शाळेत संगीतशिक्षक होता. शाळा सुटली की घरी येऊन पेटी काढायचा. मी शेजारी बसून त्याची चाल पुरी व्हायच्या आतच गुणगुणायला लागायचे. तो हात वर करायचा, ‘थांब, अजून अंतरा सापडलेला नाही.’ कधीकधी तो अंतरा सापडायला पंधरा दिवस लागायचे. पंधरा दिवस एकच ओळ घरभर फिरत असायची, आईच्या भाकऱ्या थापतानासुद्धा.

१९९६ साली आम्ही आठ गाण्यांची एक कॅसेट केली. कोल्हापूरच्या एका स्टुडिओत दोन दिवसांत रेकॉर्डिंग झालं. तबलजी आमच्याच गल्लीतला, बासरीवाला मिरजेचा. पाच गाणी दादाच्या शाळेतल्या मराठीच्या सरांनी लिहिलेली. उरलेल्या तीन गाण्यांचे शब्द आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांचे, माहेरचे आणि भावाचे. आई त्या सगळ्या ओव्या एकाच सुरावटीत म्हणायची, जात्याच्या फेऱ्यावर. दादाने त्यांना वेगवेगळ्या चाली दिल्या. दिवाळीला भाऊ न्यायला येतो त्या ओव्यांसाठी त्याने पहाडी रागाचा आधार घेतला आणि शेवटच्या ओळीत एक असा कोमल सूर लावला की आई पहिल्यांदा ऐकताना मध्येच उठून आत गेली. ती चाल आईची नव्हती, आजीचीही नव्हती. ती आमच्या माडीवर, फाटक्या सतरंजीवर बसून माझ्या भावाने केली. मी साक्षीला होते.

मुंबईच्या एका कंपनीने ती कॅसेट घेतली, एकरकमी पैसे दिले, आम्ही सह्या केल्या. पैशांबद्दल तेव्हा तक्रार नव्हती, आजही नाही. कॅसेटच्या कव्हरवर व्यवस्थित छापलं होतं. ‘संगीत’ म्हणून दादाचं नाव, ‘गीत’ म्हणून सरांचं नाव आणि शेजारी ‘जात्यावरच्या ओव्या’, ‘गायिका’ म्हणून माझं. आईने त्या कव्हरची एक प्रत देवघरात ठेवली होती.

दादा दोन वर्षांपूर्वी गेला. त्याची मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला असते. वर्षश्राद्धाच्या दिवशी तिने आपल्या मैत्रिणींना ते गाणं ॲपवर शोधून ऐकवलं. गाणं संपल्यावर एकीने मोबाइल हातात घेऊन विचारलं, ‘यात तुझ्या बाबांचं नाव कुठे आहे?’ गायिका म्हणून माझं नाव होतं. संगीत या शब्दापुढे लिहिलं होतं ‘पारंपरिक’.

मुलीने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं, ‘आत्या, हे गाणं बाबांचंच ना?’ स्वतःच्या बापाच्या चालीबद्दल तिला क्षणभर शंका आली. तुमच्या त्या एका शब्दाने माझ्या घरात काय केलं, हे मला यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

मी ॲपवाल्यांना लिहिलं. त्यांनी कळवलं, माहिती कंपनीकडून येते, कंपनीला विचारा. कंपनीला लिहिलं. त्यांनी कळवलं, मूळ कंपनीची सगळी गाणी आम्ही विकत घेतली, यादीत जे होतं तेच पुढे पाठवलं, ॲपवाल्यांना विचारा. मी कव्हरचा फोटो दोघांनाही पाठवला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दरम्यान आणखी दोघाजणांनी तीच चाल उचलून गाणी काढली. पहाडीचं तेच वळण, शेवटचा तोच कोमल सूर. त्यांच्याही गाण्यापुढे ‘पारंपरिक’ लिहिलेलं. त्या गायकांना मी दोष देत नाही. त्यांनी तुमची नोंद वाचली आणि तिच्यावर विश्वास ठेवला.

हे एका घराचं रडगाणं असतं तर मी इतक्या लोकांसमोर आणलं नसतं. पण या निमित्ताने मी माझी निवेदनाची वही काढली. आमच्या पिढीच्या निवेदकांना आकाशवाणीने शिकवलं. गाणं लागण्याआधी किंवा संपल्यावर तीन नावं यायची, गीत, संगीत आणि स्वर. ‘आपली आवड’ ऐकताना मी पेन्सिल घेऊन बसायची आणि ती तीन नावं वहीत उतरवून घ्यायची. त्या वहीतली गाणी एकेक करून मी तुमच्या ॲपवर लावली आणि नोंदी ताडून पाहिल्या. बरेच दिवस, रात्री घरचं आवरल्यावर. आणि जिथे एकाच घरातल्या भावंडांनी मिळून गाणं केलं आहे, तिथे सर्वात जास्त घोटाळा सापडला.

मंगेशकरांचंच घ्या. त्या घराचं आमच्या गावाशी नातं आहे, आशाताईंचा जन्म सांगलीचा, आणि मास्टर दीनानाथांच्या नावाचं नाट्यगृह इथे आहे. २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ गेले तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या आणि धाकटे हृदयनाथ पुरते पाच वर्षांचेही नव्हते. त्या पाच भावंडांनी पुढे मराठी गाण्याला जे दिलं, त्यात कुणी काय केलं हे वेगवेगळं सांगता येतं आणि सांगायलाच हवं.

‘शूर आम्ही सरदार’ हे गाणं महाराष्ट्रात कुठल्याही शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजतं. भालजी पेंढारकरांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’मधलं. शब्द शांता शेळके यांचे. आवाज हृदयनाथांचा. आणि चाल ‘आनंदघन’ यांची, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीची, लताबाईंची. त्याच चित्रपटातलं ‘रेशमाच्या रेघांनी’ आशाताईंनी गायलं, त्याचीही चाल लताबाईंची. थोरल्या बहिणीने चाल बांधायची आणि भावाने, बहिणीने ती गायची, हे त्या घरातलं साधंसुधं काम. तुमच्या ॲपवर मी पाहिलं तेव्हा एका ठिकाणी ‘संगीत’पुढे काहीच नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी ‘आनंदघन’ असं होतं, पण त्या नावावर बोट ठेवलं तर पुढे काही उघडत नाही. आनंदघन म्हणजे कोण, हे आजच्या मुलाला तिथून कळायला मार्ग नाही.

लताबाईंनी १९५०च्या ‘राम राम पाव्हणं’ला स्वतःच्या नावाने संगीत दिलं. नंतर भालजींच्या चार चित्रपटांसाठी त्यांनी आनंदघन हे नाव घेतलं. १९६५च्या ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य शासनाचं पारितोषिक मिळालं. समारंभात आनंदघन या नावाने पुकारा झाला तरी त्या जागेवरच बसून राहिल्या, आणि मग हे नाव कुणाचं ते सर्वांसमोर सांगण्यात आलं. म्हणजे जाहीर होऊन साठ वर्षं होत आली. ‘ऐरणीच्या देवा तुला’ या त्याच चित्रपटातल्या गाण्यात शब्द जगदीश खेबुडकरांचे, चाल लताबाईंची आणि आवाजही त्यांचाच. गायिका म्हणून त्यांना कोण ओळखत नाही? पण संगीतकार म्हणून त्यांची चार ओळींची ओळख तुमच्या एवढ्या मोठ्या कोठारात मला सापडली नाही.

आणि हे कुणाच्या बाबतीत होतंय, ते पाहा. १९४९ साली ‘महल’ची रेकॉर्ड आली तेव्हा त्यावर गायिकेचं नाव ‘कामिनी’ छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओला पत्रं लिहिली, गाणारी कोण आहे ते सांगा म्हणून, तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. पुढे फिल्मफेअरच्या समारंभात गायला त्यांनी नकार दिला, कारण संगीतकाराला पारितोषिक होतं आणि गाणाऱ्याला नव्हतं. १९५९पासून गायनाचं पारितोषिक सुरू झालं. गाण्यावर गाणाऱ्याचं नाव असावं म्हणून आयुष्यभर भांडलेल्या बाईचं, चाल बांधणारी म्हणून असलेलं नाव आज गाण्यावर नाही.

मीनाताईंची गोष्ट मला जास्त लागते. मीना खडीकर या पाच भावंडांतल्या दुसऱ्या. आपल्या सगळ्यांच्या लहानपणी जी बालगीतं होती, त्यातल्या कितीतरींच्या चाली त्यांच्या. ‘सांग सांग भोलानाथ’ मंगेश पाडगावकरांनी लिहिलं, चाल मीनाताईंनी दिली, आणि गाणाऱ्यांत त्यांची स्वतःची मुलं, योगेश आणि रचना हे भाऊबहीण. म्हणजे एका बहिणीने बांधलेलं आणि दोन भावंडांनी गायलेलं हे गाणं. तुमच्या एका बालगीतसंग्रहात हे गाणं मी शोधलं. गायकांच्या जागी ‘विविध कलाकार’. संगीताच्या जागी, माझ्या दादाच्या गाण्यावर आहे तोच शब्द, ‘पारंपरिक’. बालगीत म्हटलं की ते आपोआप उगवतं, असं कुणीतरी कुठेतरी गृहीत धरलं आहे. ज्या बाईने ‘पाऊस पडेल काय’ हा पोराच्या तोंडचा प्रश्न पोराच्याच लयीत बसवला, तिने त्या लयीचा किती विचार केला असेल! पाडगावकरांचंही नाव नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

उषाताईंचं दुःख वेगळं आहे. ‘पिंजरा’ १९७२चा. शब्द खेबुडकरांचे, संगीत राम कदमांचं. त्यातली लावणी आजही कुठल्या मंडळात लागली की कुणीतरी म्हणतं, लताबाई काय गायल्यात. मी निवेदन करताना दरवेळी थांबून सांगते, आवाज उषा मंगेशकर. पण लोकांना मी किती समजावणार, जेव्हा तुमच्याच एका यादीला ‘लता मंगेशकर यांच्या लावण्या’ असं नाव आहे आणि त्यात तिसरं गाणं उषाताईंचं आहे?

हृदयनाथांच्या वाट्याला तर तुमच्या ॲपवरचा, सगळ्या भावंडांना एकाच आडनावाखाली कोंबणारा ‘मंगेशकर’ नावाचा गठ्ठा आला. ‘चांदण्यात फिरताना’, ‘तरुण आहे रात्र अजुनी’ ही गाणी कवी सुरेश भटसाहेबांची, चाली हृदयनाथांच्या, आवाज आशाताईंचा. बहिणीच्या गळ्याची जातकुळी ओळखून भावाने बांधलेल्या चाली आहेत या. ‘मेंदीच्या पानावर’सुद्धा भट आणि हृदयनाथांचंच, पण लताबाईंसाठी. ही दोन्हीकडची गाणी लागोपाठ ऐकली की कुठल्या बहिणीसाठी काय ठेवायचं हे त्या भावाने कसं ठरवलं असेल, याचा विचार करायला लागतो माणूस. त्यासाठी आधी चाल भावाची आहे हे माहीत असावं लागतं. हृदयनाथांच्या कोळीगीतांना शांताबाईंचे शब्द आहेत, ‘जैत रे जैत’मध्ये ना. धों. महानोरांचे. ‘नभ उतरू आलं’पुढे मला चित्रपटाचं नाव आणि आशाताईंचं नाव दिसलं. महानोर नाहीत, हृदयनाथ नाहीत. त्या गाण्यातून महानोर काढले तर उरतं काय?

सावरकरांच्या ‘ने मजसी ने’चं उदाहरण शेवटी ठेवलं आहे. हृदयनाथांची चाल, आणि पाचही भावंडं गायली आहेत. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ. एका बापाच्या पाच लेकरांचा आवाज एका गाण्यात असा मराठीत दुसऱ्या कुठल्या घरात मिळेल, मला सांगा. तुमच्याकडे त्याच्यापुढे दोन नावं आहेत.

तुम्ही म्हणाल, सगळी एकाच घरातली माणसं, मंगेशकर म्हटलं की झालं. नाही होत. आमच्या भाषेत सातशे वर्षांपूर्वी चार भावंडं होऊन गेली. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. थोरला धाकट्याचा गुरू. रुसून ताटी लावून बसलेल्या भावाला समजावणारी बहीण सर्वांत धाकटी. चौघांनीही लिहिलं. पण मुक्ताईचे ताटीचे अभंग कुणी ज्ञानदेवांच्या नावावर टाकले नाहीत. ज्ञानदेव अभंगाच्या शेवटी ‘बाप रखुमादेवीवरु’ म्हणतात, ती त्यांची खूण. चोखोबांची बहीण निर्मळा, तिच्या अभंगात तिचं नाव. जनाबाई ‘नामयाची जनी’ म्हणतात. वामनदादा कर्डक आपल्या गीताच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफायचे. नाव गाण्याच्या आतच शिवून टाकायची ही रीत आमच्या लोकांनी काढली, कारण कागद फाटतो, वाळवी लागते, पण तोंडातून तोंडात जाणारी ओळ आपल्याबरोबर नाव घेऊन जाते. ज्यांच्याकडे छापखाना नव्हता त्यांनी नावं टिकवली. तुमच्याकडे सगळं असताना ती गळतात, हे मला पटवून घेता येत नाही.

आता माझ्या तक्रारी स्पष्ट मांडते.

आडनावाच्या एका खणात अनेक माणसं कोंबली जातात, हे वर सांगितलंच. हे फक्त मंगेशकरांचं नाही. प्रल्हाद शिंदे, त्यांचे मुलगे आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे, हे तीन वेगळे गळे आहेत. गावच्या जत्रेतला पोरगासुद्धा दोन ओळींत ओळखतो. तुमच्या यादीत एका भावाचं गाणं दुसऱ्याच्या नावावर मी पाहिलं आहे. याउलट जे भाऊ जोडीनेच नाव लावतात, जसे अजय-अतुल, त्यांचं नाव जोडीनेच ठेवावं. ते त्यांनी ठरवलेलं नाव आहे.

बायकांच्या नावांचा प्रश्न वेगळा आहे. लग्नानंतर आडनाव बदलतं. आशाताई भोसले आहेत, मीनाताई खडीकर आहेत, हे मराठी माणसाला माहीत आहे म्हणून चालून जातं. माझ्यासारखीचं काय? त्या कॅसेटवर माझं माहेरचं नाव आहे, नंतरच्या दोन गाण्यांवर सासरचं. तुमच्या ॲपवर मी दोन बायका आहे. एकीचं एक पान, दुसरीचं दुसरं.

देवनागरीत नाव लिहिण्याची सोय बहुतेक ठिकाणी आहे, पण लिहिणाऱ्याला मराठी येत नाही. खेबुडकरांचं नाव मी तीन प्रकारे लिहिलेलं पाहिलं, तिन्ही चुकीचे. नाव चुकलं की शोधल्यावर सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणजे नसल्यातच जमा.

वादक आणि संगीत संयोजक यांच्याबद्दल तर बोलायचीही सोय नाही. आमचा मिरजेचा बासरीवाला कुठल्याच कव्हरवर नव्हता. ती चूक आमची होती, कव्हरवर जागा नाही म्हणून आम्हीच ती केली. त्याची मला आज खंत आहे.

जागा नाही, हे कारण तुम्हाला लागू होत नाही. जुन्या रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर चार बोटांची जागा असायची. त्यात चित्रपटाचं नाव, गाण्याचा पहिला शब्द, गाणाऱ्याचं नाव एवढं बसवलं की संपलं. तुमच्या पडद्यावर बोट सरकवलं की जागाच जागा. त्याच जागेवर तुम्ही मला पुढचं काय ऐकायचं याच्या पंधरा सूचना दाखवता.

कायदाही सांगते, कारण माझ्या भाचीने तो वाचला आहे. कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याच्या कलम ५७ प्रमाणे, हक्क विकून टाकले असले तरी ‘ही कृती माझी आहे’ असं म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो, आणि त्याच्यामागे तो वारसांना बजावता येतो. २०१२च्या दुरुस्तीत कलम ३८ब आलं, त्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही आपलं नाव लावून घेण्याचा अधिकार दिला. आम्ही सह्या केल्या त्या पैशांच्या व्यवहारावर. दादाने आपलं बापपण विकलं नव्हतं. शिवाय नाव नसेल तर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कुणाच्या घरी पाठवणार?

आणि एक गोष्ट घाई करण्यासारखी आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणावरची मुदत ३१ डिसेंबर २०२५पर्यंतची. मुदत संपलेलं ध्वनिमुद्रण अनेकजण आपापल्या नावाने चढवतील. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते पुढेही चालू राहतात, पण लोक तुमची नोंद पाहूनच पुढची नोंद करणार. तुमच्याकडे चूक असेल तर ती शंभर ठिकाणी जाईल. माझ्या दादाच्या बाबतीत ती तीन ठिकाणी गेलेली मी पाहिली आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

प्रत्येक मराठी गाण्यापुढे गीत, संगीत आणि स्वर ही तीन नावं असावीत, पूर्ण आणि देवनागरीत. मूळ कव्हरवर वादक, संयोजक यांची नावं असतील तर तीही.

टोपणनावाने काम केलेल्यांचं टोपणनाव तसंच ठेवून त्याच्याशी खरं नाव जोडावं. आनंदघन या नावावर बोट ठेवलं की लता मंगेशकर उघडावं. माहेर-सासरची दोन नावं असलेल्या गायिकांचं पान एक करावं, त्यांना विचारून.

‘पारंपरिक’ हा शब्द भरायची रिकामी जागा म्हणून वापरू नये. शब्द पारंपरिक आणि चाल नवी असेल तर दोन्ही वेगळं लिहावं. माझ्या आईच्या ओव्या पारंपरिक आहेत, हे मी आनंदाने मान्य करते. माहिती नसेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहा. त्याने कुणाचा बाप पुसला जात नाही.

कंपन्यांनी आपल्याकडची जुनी कव्हरं आणि रेकॉर्डवरचे कागद स्कॅन करून गाण्यासोबत लोकांना पाहायला ठेवावेत. ज्यांच्याकडे ती उरली नसतील त्यांना ती देणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात घरोघरी कॅसेटचे खोके माळ्यावर आहेत, आणि वर्षानुवर्षं पदरमोड करून गाण्यांची बिनचूक माहिती जमवणारी माणसं आहेत. त्यांना कामाला घ्या, मानधन देऊन.

शेवटची मागणी. मराठी वाचता येणारा एक माणूस नेमा, ज्याच्याकडे पुराव्यासह तक्रार पाठवता येईल आणि जो तीस दिवसांत हो किंवा नाही म्हणेल, कारणासह. कंपनी आणि ॲप यांच्यात आम्हाला टोलवू नये. तुमच्यातला व्यवहार तुम्ही मिटवा.

माझ्या पत्राच्या उत्तराची मी या भाऊबीजेपर्यंत वाट पाहीन. त्यानंतर भाची आणि मी कलम ५७खाली वकिलामार्फत लिहू. तसं करायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं. तुमच्यामुळेच दादाची चाल आज बंगळुरूत ऐकू येते, हे मी विसरलेले नाही.

कॅसेटचं मूळ कव्हर माझ्याकडे आहे. आईच्या देवघरातलं, कडेला हळदीचा डाग असलेलं. फोटो पुरेसा नसेल तर कुठल्या पत्त्यावर आणायचं ते कळवा. मी ते पोस्टाने पाठवणार नाही, स्वतः घेऊन येईन.

आपली,
सांगलीची एक गायिका आणि निवेदिका